एका देशात न्यायाचे दोन जिने

जुलै 1934. पेनसिल्वेनियातल्या ह्यूजटाउन गावात हॅरी टॉम्पकिन्स नावाचा तरुण मध्यरात्र उलटून गेल्यावर रुळालगतच्या पायवाटेने घरी निघाला होता. वाट रोजच्या वापराची, पायांनी मळलेली. शेजारून मालगाडी जात होती. तिच्या एका डब्याचं बहुधा दार उघडं राहिलं असावं. बाहेर आलेल्या त्या भागाचा तडाखा बसून तो कोसळला आणि त्याचा उजवा हात चाकाखाली गेला.

भरपाई मागायची, पण कोणत्या कोर्टात? पेनसिल्वेनियाच्या न्यायालयांच्या लेखी रुळाला समांतर चालणारा माणूस रेल्वेच्या हद्दीतला घुसखोर होता. कंपनीने जाणूनबुजून बेपर्वाई केली असेल तरच त्याला दाद मिळणार. पण ईरी रेल्वे कंपनी न्यूयॉर्कची होती. वादी एका राज्याचा आणि प्रतिवादी दुसऱ्या राज्याचा असला, की केंद्राच्या म्हणजे फेडरल कोर्टात जाता येतं. आणि 1842च्या एका निकालापासून फेडरल न्यायाधीश अशा दाव्यांत राज्याच्या न्यायालयांचे निवाडे बाजूला ठेवून आपल्या समजुतीने कायदा ठरवत. टॉम्पकिन्सने न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला. ज्यूरीने त्याला 30,000 डॉलर दिले. अपघात एकच, पण कोर्टाचा दरवाजा बदलला आणि कायदाही बदलला.

आपल्याला हे चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे जिना एकच आहे. तालुक्याचं कोर्ट, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. कायदा दिल्लीचा असो वा महाराष्ट्र विधिमंडळाचा, तेच न्यायाधीश तो लावतात. अमेरिकेत राज्यं आधी होती, संघराज्य नंतर आलं. राज्यांची न्यायालयं मोडीत न काढता 1789च्या कायद्याने त्यांच्या शेजारी केंद्राचा दुसरा जिना उभारला. आज त्यात 94 जिल्हा न्यायालयं आहेत, त्यांच्यावर 13 अपील न्यायालयं आणि माथ्यावर नऊ न्यायमूर्तींचं सर्वोच्च न्यायालय. शेजारी 50 राज्यांचे आपापले 50 जिने.

माणसाच्या रोजच्या जगण्यातलं बहुतेक सगळं राज्याच्या कोर्टात जातं: खून, घटस्फोट, वारसा, घरभाडं, रस्त्यावरचा अपघात. न्यू जर्सीतल्या मराठी जोडप्याचा घटस्फोट राज्याचं कोर्ट करतं. त्यातल्याच कुणी दिवाळखोरीचा अर्ज केला तर तो मात्र फक्त फेडरल कोर्टात. फेडरल न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि पद तहहयात असतं. अनेक राज्यांत न्यायाधीश मतपेटीतून येतात. टेक्ससमध्ये तर मतपत्रिकेवर नावापुढे पक्षही छापलेला असतो. नावांवर विसंबून राहू नये. न्यूयॉर्क राज्याचं ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खटले पहिल्यांदा चालतात ते कोर्ट. तिथलं सर्वोच्च न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’.

टॉम्पकिन्सची केस सर्वोच्च न्यायालयात पोचली आणि 25 एप्रिल 1938 रोजी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी जवळजवळ शतकभराची ती रीत मोडली. ज्या विषयाचा कायदा राज्याचा, तिथे फेडरल कोर्टानेही राज्याचाच कायदा लावायचा. टॉम्पकिन्सचे 30,000 डॉलर गेले. त्या माणसाबद्दल आजही वाईट वाटतं, पण नियम मला योग्य वाटतो. कोर्ट निवडून कायदा निवडता येऊ लागला, की मोठा वकील परवडणाऱ्याचंच फावतं. आता राज्याच्या कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल, तर फेडरल न्यायाधीश त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला लेखी प्रश्न पाठवून उत्तराची वाट पाहू शकतात.

फौजदारीत हेच दोन जिने वेगळं रूप घेतात. 1991 साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केली, तिचं चित्रीकरण जगाने पाहिलं. 29 एप्रिल 1992 रोजी राज्याच्या कोर्टातल्या ज्यूरीने चौघा पोलिसांपैकी कुणालाही दोषी ठरवलं नाही. शहर पेटलं, 50हून अधिक माणसं मेली. मग केंद्राने त्याच चौघांवर नवा खटला भरला. आरोप मारहाणीचा नव्हे, तर किंगचे घटनादत्त हक्क हिरावल्याचा. 1993 मध्ये दोघांना शिक्षा झाली. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, असं अमेरिकेची राज्यघटना सांगते. पण राज्य आणि केंद्र या दोन स्वतंत्र सत्ता, म्हणून गुन्हेही दोन, असा त्यावर न्यायालयांचा अर्थ आहे.

मला त्या निकालाने दिलासा मिळतो. पण त्याच अर्थाचा फटका टेरन्स गॅम्बललाही बसला. आधी गुन्ह्यात शिक्षा झाल्याने त्याला बंदूक बाळगायला मनाई होती. अलाबामात वाहतूक पोलिसांनी अडवल्यावर गाडीत पिस्तूल सापडलं. राज्याने शिक्षा दिली, मग त्याच पिस्तुलासाठी केंद्रानेही, आणि तुरुंगवास जवळजवळ तीन वर्षांनी लांबला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी सात न्यायमूर्तींनी ते मान्य केलं. विरोधात लिहिलं ते उदारमतवादी रूथ बेडर गिन्सबर्ग आणि परंपरावादी नील गॉर्सच यांनी, एरवी बहुतेक वादग्रस्त खटल्यांत समोरासमोर असणाऱ्या दोघांनी.