३१ जुलै १९८८ चा रविवार

बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे, संग्रामपूर तालुक्यातील गाव. अशा गावांतील व्यापारी घराण्यांत दुकान वेळेवर उघडणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. घरी लग्न असो वा पाहुणे, गिऱ्हाईक परत जाता कामा नये. १९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत मात्र रविवारी सकाळी साडेनऊला हा नेम तासाभरासाठी मोडू लागला, आणि तो मोडला म्हणून कोणी कोणाला बोल लावला नाही. गिऱ्हाईकच रस्त्यावर नव्हते.

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. ती आरंभी ५२ भागांची ठरली होती. मागणी वाढत गेली आणि ७८ भाग झाले. त्यांतला शेवटचा भाग ३१ जुलै १९८८ च्या रविवारी दाखविण्यात आला.

तो दिवस व्यापाऱ्याच्या दृष्टीनेही ध्यानात घेण्याजोगा आहे. खरिपाच्या पेरण्या आटोपलेल्या, बी-बियाणे आणि किराणा उधारीवर गेलेला, वसुली कपाशी घरात आल्यावर. म्हणजे गल्ल्यात रोख कमी आणि वहीत नावे जास्त, असा हा महिना. चातुर्मास लागून दोन-तीन दिवसच झाले होते. पावसाळी हवेत चित्र स्थिर राहत नसे. गच्चीवर उंच लोखंडी नळीला बांधलेला अँटेना एकाने फिरवायचा, दुसऱ्याने खालून ‘आले’, ‘गेले’ असे ओरडायचे. वीज गेली तर ट्रकची बॅटरी जोडून कृष्णधवल संच चालविण्याची युक्तीही पुष्कळांना ठाऊक होती. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर सारी आळी बसे. त्यात वहीतले देणेकरी आणि दुकानाचे मालक एकाच सतरंजीवर असत.

जैन घरांतील वडीलधाऱ्यांना मात्र ही कथा पाहताना एक अडचण होती. त्यांनी ऐकलेले रामायण निराळे होते. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत महाकाव्यात रावणाचा वध राम करीत नाहीत, लक्ष्मण करतात. लक्ष्मण वासुदेव, रावण प्रतिवासुदेव आणि राम बलदेव. हिंसेपासून दूर राहिलेले राम अखेरीस दीक्षा घेऊन मोक्षास जातात. पडद्यावर रामाचा बाण सुटला तेव्हा ज्या घरांत आजींनी नातवंडांना ‘आपल्या ग्रंथात असे नाही’ म्हणून समजावले असेल, त्या घरांतील मुलांना एकाच सकाळी दोन रामायणे मिळाली. एरवी ‘पउमचरिय’ हे नाव त्या मुलांच्या कानी कधी पडले असते? याच मालिकेला संगीत देणारे रवींद्र जैन हे अलीगढच्या जैन कुटुंबातले, जन्मांध. त्यांचा स्वर दर रविवारी घराघरांत घुमत होता, ही गोष्ट समाजात फारशी कोणी बोलून दाखविली नाही.

दुपारी मूकबधिरांसाठी बातम्या, मग एखादा प्रादेशिक भाषेतील चित्रपट. तो बंगाली वा मल्याळम असला की ओसरी रिकामी होई. मराठी माणसाच्या गावात रविवारचा टी.व्ही. बव्हंशी हिंदीच बोले; छोटे प्रक्षेपक उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे पाठवीत. मुंबई केंद्राच्या ‘गजरा’ची नावे इकडे वर्तमानपत्रांतूनच अधिक कळत.

खरा पेच संध्याकाळी पडे. रविवारचा हिंदी चित्रपट ऐन सूर्यास्ताच्या वेळी रंगात आलेला असे. चौविहाराचे जेवण सूर्यास्तापूर्वी आणि त्यानंतर प्रतिक्रमण. दोन्ही चित्रपटाच्या आड येत. काही घरांत संच बंद करून वर कापड टाकले जाई, काही घरांत मुले ताट लवकर संपवून शेजारी पळत. चातुर्मासात हा वाद अधिक तापे. जिथे वडिलांनी स्वतः संच बंद केला तिथे मुले बसली; जिथे फक्त हुकूम सुटला तिथे बसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुकानावर जे घडे ते जमाखर्चात कुठेच दिसत नाही. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून होत्या. ‘हम लोग’पासून, म्हणजे १९८४ पासून, प्रायोजित मालिकांचे युग आले. त्यापूर्वी गिऱ्हाईक ‘चांगली पावडर द्या’ म्हणे आणि दुकानदार देईल ती घेई. मालाची हमी दुकानदाराच्या शब्दाची असे. आता लहान मूल नाव घेऊन निरमा मागू लागले. ठरावीक किमतीच्या पुड्यावर नफा थोडा, पण माल पडून राहत नसे आणि तक्रार कंपनीच्या नावावर जाई. ज्यांनी हे लवकर ओळखले त्यांनी फळीवरचा सुटा माल कमी केला. ज्यांनी ओळखले नाही त्यांचे जुने गिऱ्हाईकही पुड्यासाठी दुसऱ्या दुकानी गेले आणि परतताना तेल-साखरही तिथूनच घेऊन गेले.

मालिका संपली तेव्हा लवकुशांची कथाही दाखवा, म्हणून पंजाबात सफाई कामगारांनी संप केला. पुढे ती कथाही आली. त्याआधी २ ऑक्टोबर १९८८ च्या रविवारी बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ सुरू झाले. ते ९४ भाग चालले. मधल्या नऊ आठवड्यांत पर्युषण आणि दशलक्षण दोन्ही पर्वे येऊन गेली. त्या रविवारी सकाळी दुकाने पर्वाच्या कारणाने बंद होती, टी.व्ही.च्या नव्हे.