मक्केची तसबीर आली कुठून?

चोपड्याचे आमचे जुने धाब्याचे घर मागच्या उन्हाळ्यात पाडायचे ठरले. भांडी, पेट्या, खाटा यांची वाटणी सहज झाली. अडले ते बैठकीतल्या तसबिरीपाशी. हातभर लांबीची, काळ्या लाकडी चौकटीतली तसबीर. मध्ये काबा शरीफ, भोवती लहान घुमटांच्या ओळी आणि मिनार, वरच्या कोपऱ्यात मदीना शरीफचा हिरवा घुमट. दादाजान 1954 साली जहाजाने हजला गेले आणि येताना ही मक्केहून घेऊन आले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

एका भावाला ती जळगावच्या नव्या घरात हवी होती. दुसऱ्याने सांगितले की जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी चांगली किंमत देतो आहे. पुतण्या म्हणाला, कागद फाटत चालला आहे, अदबीने दफन करून टाकू. आमच्या फुफीजान मात्र एकच वाक्य बोलल्या, "अब्बा की निशानी है, मक्के से आई है, बेचना मत." शेवटी आम्ही म्हटले, निकाल लावण्याआधी ही तसबीर नीट वाचू तरी.

वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला थांबलो. वर लिहिले होते, 'नक्शा मक्का मुअज़्ज़मा का'. अक्षर नस्तालिक वळणाचे आणि शेवटी 'का', म्हणजे भाषा सरळ उर्दू. त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ गुजराती. इतकी वर्षे मुलांना उर्दू शिकवतो, पण घरातली ही ओळ कधी लक्ष देऊन वाचली नव्हती. तसबीर हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकासाठी छापलेली होती, हे उघड झाले. अर्थात हिंदी हाजींसाठी असा माल मक्केच्या बाजारातही असू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देता येईना.

मग चित्र पाहिले. काबा शरीफभोवती हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली जमातींच्या इमामांसाठी असलेल्या चार लहान इमारती त्यात दिसतात. त्या आता नाहीत. मस्जिद-ए-हरामचा मोठा विस्तार 1955 मध्ये सुरू झाला आणि जुने रूप पालटले. म्हणजे चित्र त्याआधीचे. पण इथे फसायला होते. छापणारे लोक जुन्या चित्रांवरून नवी चित्रे काढत. चित्रातले दृश्य जुने असले म्हणून कागदही तितकाच जुना, असे होत नाही. कागदाचे वय कागदालाच विचारावे लागते.

म्हणून चौकट उघडली. गंजलेले खिळे हळूहळू काढले, मागची फळी सरकवली. फळी आणि चित्राच्या मध्ये मराठी वर्तमानपत्राचा अर्धा कागद निघाला. तारीख नोव्हेंबर 1936. चित्राचा खालचा काठ लाकडात दडलेला होता. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरे होती. पेढीचे नाव वाळवीने खाल्लेले, पण पुढचे 'कराची' शाबूत, आणि उजव्या कोपऱ्यात 'जर्मनीत छापले' अशा अर्थाचे शब्द. भिंगाखाली रंगाचे ठिपके वेडेवाकडे, वाळूसारखे दिसले. आजच्या कॅलेंडरवर ते ओळीत बसवलेले दिसतात. ही जुन्या शिळाछपाईची खूण. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे.

कराची आणि जर्मनी ही जोडी ऐकून घरातले चकित झाले, पण त्या काळी ती नवलाची नव्हती. रंगीत छपाईत जर्मन कारागिरांचा हात धरणारा कोणी नव्हता. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचेच होते. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. मथुरेकडच्या बृजबासी बंधूंची पेढी फाळणीपूर्वी कराचीत होती, तीही चित्रे जर्मनीत छापून आणी. दिल्लीच्या चांदणी चौकातले हेमचंदर भार्गव देवदेवतांच्या चित्रांबरोबर मक्का-मदीनेचीही चित्रे विकत. युसुफ सईद यांनी मुस्लिम घरांतल्या अशा चित्रांवर अभ्यास करून 2012 मध्ये पुस्तक लिहिले. अशी कितीतरी चित्रे हिंदू चित्रकारांनी काढली आणि हिंदू पेढ्यांनी विकली, हे त्यांनी दाखवून दिले आहे. शिवाय 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची आणि पूर्व खानदेशातले चोपडा एकाच सरकारच्या हाताखाली होते.

आता हिशोब जुळला. 1939 मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मनीचा माल येणे थांबले. 1947 मध्ये कराची परक्या देशात गेली. मागचा कागद 1936 चा. म्हणजे दादाजान हजला निघाले त्याच्या बरीच वर्षे आधी ही तसबीर मढवून तयार होती. ती मक्केहून आलेली नव्हती.

हे फुफीजानना कसे सांगावे, याचा आम्हाला घोर पडला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. दोन दिवस गप्प राहिलो, मग सगळे कागद त्यांच्यापुढे मांडले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मैं छोटी थी. अब्बा फ़ज्र पढ़के आते और चाय पीते-पीते इसी को देखते रहते. मैं पूछती, तो बोलते, यहाँ जाना है बेटा." थोड्या थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "जाना है, बोलते थे. तब तक गए कहाँ थे!"

सत्तर वर्षे ही आठवण त्यांच्याजवळच होती. कापसाच्या पैशातून दरसाल थोडे बाजूला टाकून दादाजानांनी सफरखर्च जमवला, मुंबईच्या मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहिली, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या सगळ्या वर्षांत ही तसबीर त्यांच्यासमोर होती, हे मात्र आज कळले. तसबिरीची इबादत नसते, ते तेही जाणत होते. त्यांनी तिच्यात आपली वाट पाहिली.

तसबीर विकली नाही आणि दफनही केली नाही. नवी चौकट अशी करून घेतली की खालची 'कराची'ची ओळ दिसावी. वर्तमानपत्राचा तुकडा वेगळ्या पाकिटात ठेवला. फुफीजानच्या सांगण्यावरून मागे उर्दूत आणि मराठीत लिहिले: 'ही मक्केहून आली नाही. ही पाहत पाहत दादाजान मक्केला गेले.'

वाचकांच्या घरीही अशी एखादी तसबीर असेल. टाकण्याआधी किंवा विकण्याआधी तिचा फोटो काढा. जाणत्या हाताकडून चौकट उघडून घ्या. पाणी लावू नका, लॅमिनेशन करू नका. काठाची ओळ वाचा, मागचा कागद जपा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.