फटफटीचे फटाके

मोटारसायकलला मराठीने फार पूर्वीच ‘फटफटी’ हे नाव देऊन टाकले. आवाजावरूनच ओळख! पुढे गाड्या मवाळ बोलू लागल्या, पण तरुण मंडळींना ती जुनी फटफटच हवीशी वाटते. मग कंपनीचा सायलेन्सर निघतो, बाजारातली चकचकीत पुंगळी बसते आणि चार दिवसांत नवाच प्रकार सुरू होतो. रेस सोडली की मागून फट्‌, फट्‌! मराठीत फटाके, कन्नडमध्ये पटाकी. शब्द जवळचे, आणि दचकणारी आजीही दोन्ही घरांत सारखीच.

तुमच्या घरांत मराठी-कन्नड नांदतात, तशी आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे मराठी आणि हिंदी. हा भाग २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेश, पण पोळा, संत्र्यांचे बगीचे आणि बोलणे सारे विदर्भाच्या वळणाचे. मोठ्या खरेदीला नागपूर, त्यामुळे पुंगळ्याही तिकडूनच येतात.

पोळा आठवड्यावर आला असताना माझ्या एका विद्यार्थ्याच्या गाडीने असाच बार काढला. शेजारून नदीवरून धुऊन आणलेली बैलजोडी चालली होती. एका बैलाने हिसका दिला, कासरा सुटला आणि धरणाऱ्या म्हाताऱ्या काकांचा तळहात सोलून निघाला. मुलाच्या वडिलांनी घरी सांगून टाकले, “या घरात एक तर ते भोंगं राहील, नाही तर मी!” बापलेकांचे बोलणे बंद झाले. मुलगा माझ्याकडे आला. “सर, मी मुद्दाम नाही फोडत. गाडीच फुटून राह्यली.”

त्याचे म्हणणे खरे होते. काही मुले चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून मुद्दाम बार काढतात. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठते आणि एकदम पेटते. त्यात सायलेन्सरही फाटू शकतो. या गाडीचे दुखणे मात्र वेगळे होते. आम्ही दोघे ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो.

आवाज येतो कुठून?

मिस्त्रीने सांगितले ते असे. रेस सोडल्यावर इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण नीट जळत नाही. थोडे पेट्रोल तसेच बाहेर पडते आणि तापलेल्या नळीत त्याला हवा मिळाली की तिथेच पेटते. कंपनीच्या सायलेन्सरमधले कप्पे हा आवाज पोटात घालतात. बाजारातल्या पुष्कळ पुंगळ्यांत सरळ भोकांची नळी आणि भोवती काचेची लोकर, एवढेच असते. तिथे काहीच लपत नाही. शिवाय धूर मोकळा निघू लागल्याने मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि फुटणे वाढते.

पहिली तपासणी सांध्यांची. नळी इंजिनाला जिथे जोडतात तिथले पॅकिंग जुनेच ठेवले, किंवा नट एका बाजूने जास्त आवळला, तर फटीतून हवा आत शिरते. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसली की समजावे, इथे गळते आहे. ही पाहणी गाडी थंड असताना करावी. या गाडीला तशी रेघ होतीच. नवे पॅकिंग पडले, नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळले गेले आणि निम्मे फटाके तिथेच विझले.

उरलेल्यासाठी कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवून मिश्रणात पेट्रोल वाढवले. एअर फिल्टर, प्लग आणि कार्ब्युरेटरमागचे रबर तडकले आहे का, हेही पाहिले. २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत मात्र हा स्क्रू नसतो. तिथे सेन्सर आणि कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतात, म्हणून अशी गाडी जाणकाराकडेच न्यावी. रेस वाढवताना किंवा कार्ब्युरेटरच्या बाजूने बार होत असेल, तर दोष इग्निशनचा किंवा व्हॉल्व्हचा असू शकतो. त्यात दिरंगाई नको.

दुरुस्तीच्या पलीकडे

गाडी फुटायची थांबली, तरी दणदणाट राहिलाच. हात पुसत मिस्त्री म्हणाला, “बाबू, फटाके मी बंद केले. पोलीस बंद करणं माझ्या हातात नाही.” नव्या मोटारसायकलच्या आवाजाला कायद्याने मर्यादा आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७ आणि त्यावर ८०. ती मोडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लायसन्सही तीन महिने जाते. नागपूर-पुण्याकडे पोलिसांनी अशा सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवले आहेत. हा कायदा सगळ्या देशाचा. सीमा ओलांडली म्हणून तो बदलत नाही.

मुलाने दोन दिवस विचार केला. मग कंपनीचा सायलेन्सर परत चढला, पुंगळी माळ्यावर गेली. त्याने स्वतः काकांकडे जाऊन हाताची चौकशी केली. वडील तोंडाने काही बोलले नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र बैलांचा साज आणायला त्यांनी त्यालाच, त्याच गाडीवर पाठवले.

तेव्हा पालकहो, घरातली फटफटी फुटू लागली तर आधी मुलावर फुटू नका. त्याला घेऊन मिस्त्रीकडे जा आणि सांधा कुठे सुटला आहे ते दोघांनी मिळून पाहा. जुना सायलेन्सर भंगारात तेवढा घालू नका. तो परत लागतो.