यंत्र आणि घरची भाषा

१७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीच्या नमो घाटावर काशी तमिळ संगमम्‌चे उद्घाटन झाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे हिंदी भाषण तमिळनाडूहून आलेल्या पाहुण्यांना त्याच वेळी तमिळमध्ये ऐकता आले. हे भाषांतर कोणी दुभाषी करत नव्हता. ते भारत सरकारची ‘भाषिणी’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली यंत्रणा करत होती.

शिक्षणातही अशी साधने आली आहेत. तंत्रशिक्षणाची इंग्रजी पुस्तके भारतीय भाषांत आणण्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद ‘अनुवादिनी’ हे साधन वापरते. इंग्रजीअभावी ज्यांचे शिक्षण अडले, त्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय होय.

मात्र यंत्राला माणसाप्रमाणे अर्थ उमगत नाही. दोन भाषांतील असंख्य वाक्यांच्या जोड्या ताडून ते अंदाज बांधते. ‘पान उलटा’ यातील पान पुस्तकाचे की विड्याचे, हे ते आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवते. (बनारसमध्ये ही शंका माणसालाही यावी!) ज्या भाषेत अशा जोड्या थोड्या, तिचे भाषांतर कच्चे राहते. वाराणसीत घरोघरी बोलली जाणारी भोजपुरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि तिच्यातील छापील मजकूर हिंदीच्या मानाने फारच कमी आहे. म्हणजे घरच्या भाषेतील पाठाची ज्याला सर्वाधिक गरज, त्याच्याच बाबतीत यंत्र चुकण्याचा संभव अधिक. आणि नवशिक्याला ती चूक ओळखता येणेही कठीण. यंत्राने केलेले पुस्तक जाणकाराने तपासल्याखेरीज त्याच्या हाती देणे म्हणूनच योग्य नव्हे.

ही उणीव भरून काढण्यासाठी भाषिणीचा ‘भाषादान’ हा उपक्रम आहे. त्यात नागरिक आपल्या भाषेतील वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करतात, तसेच इतरांची भाषांतरे तपासतात.