साहेब फिरतीवर आहेत

तालुक्याच्या कचेरीत साहेब जागेवर नसले की शिपाई सांगतो, ‘साहेब फिरतीवर आहेत.’ इतर खात्यांत हे उत्तर ऐकून माणूस कपाळावर हात मारतो. शिक्षण खात्यात मात्र तसे करण्याचे कारण नाही. शाळा पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे कामच मुळी फिरण्याचे. तो रोज टेबलाशी सापडू लागला, तर खरी काळजी करावी. आणि अलीकडे तो सापडतो. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर या अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे, पगाराचे आणि प्रवासखर्चाचे नियम उलगडून पाहावे लागतात. नियमांचे वाचन रुक्ष असते खरे, पण गावच्या शाळेचे बरेचसे भवितव्य त्यातच लपलेले असते.

फलटण तालुका त्यासाठी सोयीचा आहे. वर नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरची उसाची गावे, साखरवाडीसारखी कारखान्याभोवती वाढलेली वस्ती. खाली ताथवड्याच्या संतोषगडाकडे सरकत जाणारा कोरडा, डोंगराळ भाग. एका टोकाला गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुले येतात, दुसऱ्या टोकाला मेंढरांमागे कुटुंबे निघून जातात. ८ मार्च १९४८ रोजी फलटण संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर इथल्या शाळांचा कारभार निंबाळकरांच्या दरबाराकडे होता. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा सातारा जिल्हा परिषदेच्या झाल्या.

आजची उतरंड अशी. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). तालुक्याला गटशिक्षणाधिकारी. त्याच्या हाताखाली विस्तार अधिकारी, एकेका बीटाचे. बीटात केंद्रे, आणि साधारण दहा शाळांच्या केंद्राला एक केंद्रप्रमुख. वरचे दोघे राज्य शासनाच्या महाराष्ट्र शिक्षण सेवेतले, अनुक्रमे गट अ आणि गट ब. खालचे दोघे जिल्हा परिषदेचे कर्मचारी. त्यात आणखी एक गंमत: महसुलाच्या हिशेबात सातारा पुणे विभागात येतो, पण शिक्षणाचे उपसंचालक बसतात कोल्हापूरला. फलटणचा कागद आधी साताऱ्याला, मग कोल्हापूरला आणि तिथून शिक्षण आयुक्तांकडे पुण्याला जातो. फलटणहून पुणे गाठायला तेवढी वाट वाकडी करावी लागत नाही.

आता पात्रता. पहिलीच्या वर्गावर उभे राहायचे तर डी.एड., शिक्षक पात्रता परीक्षा आणि वर अभियोग्यता चाचणी. विस्तार अधिकारी सरळसेवेने व्हायचे तर किमान ५० टक्के गुणांची पदवी, बी.एड. आणि तीन वर्षांचा अनुभव. हे योग्यच. पण तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या खुर्चीत राज्यसेवा परीक्षेतूनही माणूस येतो, आणि त्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे ज्याने वर्गात खडू धरलेला नाही, तो बी.एड. झालेल्या विस्तार अधिकाऱ्याच्या टाचणावर शेरा मारू शकतो. परीक्षेतून आलेल्यांत कर्तबगार माणसे पुष्कळ असतात. प्रशासन त्यांना चांगले समजते. तरीही पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता कोणत्याही शाखेचा चालेल असे कोणी म्हणत नाही. शिक्षणाच्या बाबतीत आपण ते सहज म्हणतो.

केंद्रप्रमुखाची कथा जास्त करुण आहे. १९९४ साली हे पद निर्माण झाले, ते शिक्षकाला शेजारी उभे राहून मदत करणारा जाणता माणूस मिळावा म्हणून. डिसेंबर २०२२च्या शासन निर्णयाने निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी विभागीय स्पर्धा परीक्षेने भरायची ठरली. २०२३ मध्ये परीक्षेची जाहिरात निघाली, शिक्षकांनी अर्ज भरले, पुस्तके आणली, आणि परीक्षा लांबत राहिली. पद रिकामे असले तरी काम रिकामे राहत नाही. ते ‘प्रभारी’ म्हणून एखाद्या ज्येष्ठ मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडते. त्याची स्वतःची शाळा असते, बहुधा वर्गही असतो. तो दुसऱ्यांच्या शाळा पाहायला निघाला की त्याचा वर्ग शेजारच्या वर्गात जाऊन बसतो.

पगाराबद्दल गावात बरेच गैरसमज असतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे, १ जानेवारी २०१६पासून, प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते, पदवीधर शिक्षकाचे ३८,६०० पासून, केंद्रप्रमुखाचे ४१,८०० पासून आणि गट अ मधल्या शिक्षणाधिकाऱ्याचे ५६,१०० पासून. शिक्षकाला त्याआधी शिक्षणसेवकाची तीन वर्षे असतात. तिथले सहा हजारांचे मानधन २०२३ साली सोळा हजार झाले. आकडे वाईट नाहीत. पण पदवीधर शिक्षक आणि केंद्रप्रमुख यांच्या सुरुवातीत अंतर आहे ३,२०० रुपयांचे. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळवलेल्या शिक्षकाला पदोन्नतीतून हाती काय लागते? जवळपास एक वेतनवाढ, दहा शाळांची माहिती गोळा करण्याची जबाबदारी आणि स्वतःच्या मोटारसायकलची झीज. मग काही अनुभवी शिक्षक पदोन्नती नाकारतात याचे नवल वाटायला नको.

या सगळ्या प्रश्नांवर फार पूर्वी एका माणसाने नेमके बोट ठेवले होते. फलटणच्या एका बाजूला खटाव तालुक्यात कटगुण, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव. दुसऱ्या बाजूला खंडाळा तालुक्यात नायगाव, सावित्रीबाईंचे जन्मगाव. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये पगार मागितला, हे अनेकांना माहीत असते. त्याच निवेदनात तपासणीबद्दलचा भाग आहे, तो कमी वाचला जातो. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून फार तर एकदा येतो, त्याचा उपयोग नाही. शाळा निदान दर तिमाहीस पाहिली जावी आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देता पाहिली जावी, असे त्यांचे म्हणणे. डिपोटी येणार म्हणून शाळा सारवून, पोरांना ठरलेली उत्तरे घोकवून ठेवली की काय तपासले जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याआधी बाळशास्त्री जांभेकर आणि दादोबा पांडुरंग यांच्यासारख्या विद्वानांनीही सरकारी मराठी शाळांच्या देखरेखीचे काम केले होते. व्याकरणकार शाळा तपासत हिंडतो आहे, हे चित्र आज सुचणारही नाही.

दर तिमाहीस जायचे, तर जायचे कशाने? खरी गाठ इथे आहे. पात्रता आणि पगार यांवर निवेदने निघतात, मोर्चे निघतात. प्रवासखर्चावर कोणी बोलत नाही, कारण रक्कम लहान. पंचायत समितीच्या आवारातली जीप बहुतेक ठिकाणी गटविकास अधिकाऱ्याची. विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख आपल्या गाडीवर, आपल्या पेट्रोलवर. प्रवास भत्त्याच्या नियमांची जुनी धारणा अशी, की मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत जाणेयेणे हा प्रवासच नव्हे. केंद्रातल्या कितीतरी शाळा नेमक्या त्या परिघात असतात. सतत फिरणाऱ्यांसाठी ‘कायम प्रवास भत्ता’ असतो, म्हणजे महिन्याला ठरीव रक्कम. हिशेबाला ते सोपे. पण महिन्यात तीन शाळा पाहिल्या तरी तेवढेच आणि तेरा पाहिल्या तरी तेवढेच. जो कमी फिरेल त्याचे पैसे उरतात. वाडीवस्तीवरच्या शाळेत जाणारा पदरचे घालतो. जो भत्ता देयकाने मागायचा असतो, त्याची तऱ्हा वेगळी: फिरतीचा कार्यक्रम मंजूर हवा, दैनंदिनी सादर हवी, देयक वेळेत हवे, आणि एवढे जमून आल्यावर त्या लेखाशीर्षात तरतूद हवी.

मग माणूस काय करतो? माहिती व्हॉट्सअॅपवर मागवतो. पटसंख्या, पोषण आहार, आधार नोंदणी, छायाचित्रे, सगळे ‘आज दुपारी बारापर्यंत, अति तातडीचे’. शाळा न पाहता शाळेचा अहवाल तयार होतो आणि त्यात भरणारी आकडेवारी ज्याची तपासणी व्हायची, त्याच शिक्षकाने दिलेली असते. माझ्या मते या घसरणीला आळसापेक्षा भत्त्याचा हिशेब जास्त जबाबदार आहे. शाळांची गतही तीच. सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, रकमेत खडू, झाडू, हजेरीपट भागवायचे, आणि मुख्याध्यापकांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेला जायचे ते बहुधा स्वखर्चाने.

फिरणाऱ्या माणसाने काय होऊ शकते, याचा दाखला शोधायला साताऱ्याबाहेर जावे लागत नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटात प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी होत्या. बीटातल्या चाळीसेक शाळांत त्यांनी शिक्षकांना हाताशी धरून ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली: फरशीवर आखलेली गणिते, गोट्या, काड्या, मुलांचे एकमेकांकडून शिकणे. महाराष्ट्रभरातून शिक्षक ते पाहायला गाड्या करून येत. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे कुमठ्याच्या अनुभवाचा वाटा होता. पुढे राज्यभर फरश्या रंगल्या, हे वेगळे. रंग शासन निर्णयाने पोचतो; शिक्षकाजवळ तासभर बसणारी बाई तशी पोचत नाही.

खुद्द फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मुलांना मराठी वाचायला शिकवण्याची पद्धत कमला निंबकर बालभवनात घडवली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत नेली. तिथेही कणा होता तो शाळेत पुन्हापुन्हा जाण्याचाच. संस्था अशा भेटींना कामाचा खर्च मानते. सरकारी हिशेबात त्या भत्त्यात मोडतात.

अमेरिकेत शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदाचे आणखी वेगळे रूप दिसते. कॅलिफोर्नियातल्या ५८ काउंट्यांपैकी बहुतेकांत काउंटीचा शाळा अधीक्षक थेट मतदानाने निवडला जातो. आपल्याकडे अधिकारी निवडून द्यावेत असे मी म्हणणार नाही; निवडणुकीच्या वर्षात शाळांचे काय होते ते आपण पाहतोच. पण तिथे मतदार अधीक्षकाला जाब विचारू शकतो. आपल्याकडे ते काम १९६१च्या जिल्हा परिषद अधिनियमाने परिषदेच्या शिक्षण समितीवर सोपवले. सभापती निवडून आलेला, सदस्य गावागावांतले; कोणत्या वस्तीवरच्या शाळेत वर्षभर कोणी फिरकले नाही, हे विचारायची जागा तीच. मार्च २०२२मध्ये सातारा जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच इमारतीत, एकाच पगारपत्रकावर होता.