मालकी सभासदांची, निर्णय कोणाचा?

लोकशाही हा शब्द उच्चारला की विधानसभा, लोकसभा, फार तर ग्रामपंचायत डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या व्यवहारांवर माणसाचे पोट अवलंबून असते, त्या व्यवहारांत त्याचे मत कोणी विचारत नाही, ही गोष्ट मात्र सहसा खटकत नाही. पाच वर्षांनी सरकार बदलू शकणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव ठरवणाऱ्या कंपनीत चकार शब्द काढता येत नाही, आणि तसे असणे स्वाभाविकच मानले जाते. सहकाराच्या मूळ कल्पनेचा रोख नेमका या विसंगतीवर आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी, ज्यांत विणकरांचा भरणा होता, किराणा मालाचे सामाईक दुकान काढले. त्या दुकानाचे नियम पुढे जगभरच्या सहकारी संस्थांनी आधारभूत मानले. त्यांतला कळीचा नियम 'एक सभासद, एक मत' हा होय: सभासदाकडे एक भाग असो की शंभर, सभेत त्याचा हात एकदाच मोजला जाईल. कंपनीत पैसा मत देतो, सहकारी संस्थेत माणूस.

या तत्त्वाची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी कसोटी उसाच्या शेतात लागली. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पण त्या काळी साखर बनवणारे कारखाने खासगी कंपन्यांचे होते, त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या, आणि उरलेल्या बागायतदाराला गुळाच्या अस्थिर बाजारावर विसंबून राहावे लागत होते. अशा परिस्थितीत विठ्ठलराव विखे पाटील यांनी परिसरातील शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पहिले अध्यक्षपद स्वीकारले, सहकारी चळवळीतील नेते वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा.

कारखान्याची मालकी उत्पादकाकडे असणे का महत्त्वाचे, याचे उत्तर उसाच्या प्रकृतीत आहे. ज्वारी भाव येईपर्यंत कणगीत ठेवता येते. तोडलेला ऊस ठेवता येत नाही, कारण तो जसजसा सुकतो तसतशी त्यातील साखर घटते. त्यामुळे ऊस तोडून गाडी गव्हाणीकडे निघाली की शेतकऱ्याची घासाघीस करण्याची ताकद संपते, आणि समोर एकच खासगी खरेदीदार असेल तर तो म्हणेल तो भाव. कारखाना शेतकऱ्यांचाच असला की ही अडवणूक मुळातून नाहीशी होते. त्यात सहकारी कायद्याने आणखी दोन बंधने घातली: निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, म्हणजे संस्थेच्या अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत, जमा करायचा, आणि भागांवर पंधरा टक्क्यांहून जास्त लाभांश द्यायचा नाही. लाभाचे खरे माप गुंतवलेला पैसा नसून घातलेला ऊस आहे, हा त्यामागचा हिशेब.

प्रवरेच्या पाठोपाठ कारखान्यांची रांग लागली, त्यांच्या आवतीभोवती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि उपसा सिंचन योजना आल्या, हे सर्वज्ञात आहे. गाडे अडले ते दुसरीकडेच. नफा सभासदांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था झाली, पण निर्णय सभासदांपर्यंत पोचवण्याची झाली नाही. उभारणीच्या भांडवलात राज्य सरकारचे भाग आणि सरकारच्या हमीवर मिळालेली कर्जे यांचा वाटा मोठा असल्याने संचालक मंडळाची नजर सभासदांपेक्षा मंत्रालयाकडे अधिक लागली. ऊस घालणाऱ्या अनेकांना सभासदत्वच मिळत नाही आणि मतदार यादीवरून वाद झडतात, या तक्रारीही जुन्याच आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ही कायद्याने संस्थेची सर्वोच्च सत्ता. प्रत्यक्षात मात्र मांडवात विषयपत्रिकेवरील विषय एकामागून एक वाचले जातात, पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर'चा गजर उठतो, ताळेबंदावर प्रश्न विचारू पाहणाऱ्याच्या हाती ध्वनिक्षेपक येईपर्यंत राष्ट्रगीत सुरू झालेले असते. हे दृश्य ग्रामीण महाराष्ट्राच्या इतके परिचयाचे आहे की त्याचे कोणाला नवलही वाटत नाही.

माहिती ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे साखर कारखान्यात अगदी साध्या ठिकाणी दिसते. भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचे वजन होते, रिकामी झाल्यावर पुन्हा होते, आणि दोहोंतील फरक हा शेतकऱ्याचा ऊस; काटा चोख नसेल तर नुकसान तिथेच सुरू होते, म्हणूनच काटामारीविरुद्ध आंदोलने होतात. पुढचा टप्पा उताऱ्याचा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली याला साखर उतारा म्हणतात, केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर त्यालाच बांधलेला असतो, आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते. ही रक्कम ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत द्यावी, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वजन, उतारा आणि खर्च या तिन्ही आकड्यांची पडताळणी ज्याला करता येत नाही, तो कागदोपत्री मालक असला तरी व्यवहारात केवळ पुरवठादारच असतो.

या दुराव्याची किंमत पुढे मोजावी लागली. कारखान्यांना कर्ज पुरवणाऱ्या राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने बरखास्त झाले. कर्जात बुडालेले कित्येक सहकारी कारखाने लिलावात निघून खासगी मालकांकडे गेले. ज्या सभासदांच्या भागांतून ते उभे राहिले, त्यांना विक्रीची वार्ता बहुधा वर्तमानपत्रातूनच कळली असावी.

सहकाराच्या या लोकशाहीला आणखी एक कुंपण आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. मत आहे ते ऊस पिकवणाऱ्याला. ऊस तोडणाऱ्याला नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो मजूर हंगामासाठी बाहेर पडतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात आणि ती फिटेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहून पहाटेपासून फडात राबतात. नवराबायकोची जोडी हिशेबात 'एक कोयता' म्हणून धरली जाते. ज्या संस्थेचा गळीत हंगाम त्यांच्याशिवाय एक दिवसही चालणार नाही, तिच्या पोटनियमांत त्यांना जागा नाही, आणि हा दोष व्यवस्थापनाच्या माथी मारून भागणार नाही. तो 'सभासद कोण' या व्याख्येतच आहे.

वेगळी वाट शोधायची तर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहावे लागते. वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला. पुढे २०१३ मध्ये ग्रामस्थांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनींची मालकीही ग्रामसभेकडे सोपवली. परंतु मेंढ्याचे वैशिष्ट्य मालकीपेक्षा पद्धतीत अधिक आहे. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, आणि त्यासाठी अभ्यासगट नावाची वेगळी रचना आहे: अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही बोलावले जातात, कायदा, हिशेब, जंगल यांची चर्चा होते, पण निर्णय घेण्याचा अधिकार केवळ ग्रामसभेचा. आधी समजून घेणे, मग ठरवणे.

मुंबईतील लिज्जत पापडाची संस्था १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केली. कायद्याच्या दृष्टीने तिची नोंदणी सहकारी संस्था म्हणून झालेली नाही, हे विशेष. परंतु पापड लाटणारी प्रत्येक भगिनी तेथे सहमालक आहे. साखर कारखान्याने ज्याला सभासदत्वाबाहेर ठेवले, त्या राबणाऱ्या हातालाच येथे मालक मानले आहे.

हजारो सभासदांच्या कारखान्याला मेंढ्याची सर्वसहमती जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे उघड आहे. पण ऊसनोंदीसाठी आणि निवडणुकीसाठी कारखान्याचे कार्यक्षेत्र आधीच गटांत विभागलेले असते. सर्वसाधारण सभेपूर्वी त्या प्रत्येक गटात वार्षिक अहवाल ओळीओळीने वाचला गेला, तर सभेतल्या 'मंजूर'ला काही अर्थ तरी येईल. तोडणी मजुरांच्या प्रतिनिधीला संचालक मंडळात बसवणे अवघड वाटेल. ते अशक्य मात्र नाही.

तोवर सभासदाच्या हाती एक गोष्ट आजही आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, आणि लेखी अर्ज करून फी भरल्यास त्यांच्या प्रतीही मागता येतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. कारखाना असो, पतसंस्था असो की शहरातील गृहनिर्माण संस्था, आपल्या संस्थेचा अहवाल वाचकाने या वर्षी त्यापूर्वीच मागून घ्यावा.