पात्याचा साचा
(द्वितीय वर्ष, कला)

वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांची पाती लोखंडाची असावीत असा माझा कित्येक वर्षे समज होता. वास्तविक ती काचेचे धागे व रेझिन यांची असतात. माझे मामा फायबरग्लासच्या एका शेडमध्ये काम करतात. तेथे छोट्या पवनचक्कीची, पुरुषभर लांबीची पाती होतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी देतो.

पात्याचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. पुढची कड गोल, मागची सुरीसारखी पातळ. वारा या आकारावरून वाहतो तेव्हा जो जोर निर्माण होतो, त्याने पाते फिरते. पृष्ठभागावर बारीक लाट राहिली तरी वारा विस्कटतो व जोर घटतो. म्हणूनच या कामात साच्याला महत्त्व आले. जर्मनीत एप्लर व नेगेले यांनी आखलेले ‘फिनिक्स’ हे फायबरग्लासचे पहिले ग्लायडर १९५७ साली उडाले. लाकडी पंखाला न साधणारा गुळगुळीतपणा त्या पंखांना मिळाला होता.

मोदकाचा साचा सर्वांना ठाऊक आहे. त्याची दोन दले उघडतात आणि आतून तुपाचे बोट फिरवावे लागते. पात्याच्या साच्याचे तत्त्व हेच. साचा अखंड केला तर पाते बाहेर येणार कसे? म्हणून पुढच्या व मागच्या कडेवरून रेषा आखून वरचा व खालचा असे दोन भाग करतात.

प्रथम सुतार लाकडाचे हुबेहूब पाते घडवितो. त्याला पॅटर्न म्हणतात. ठरावीक अंतरावर पत्र्याचे फर्मे लावून आकार तपासायचा, लांबी भरायची, पाण्याखाली पॉलिश पेपर घासायचा. मग पॅटर्न आखलेल्या रेषेपर्यंत फळीत बसवायचा. फळीचा जो भाग बाहेर राहतो, त्यावर साच्याची कड तयार होते. पुढे दोन्ही भाग याच कडांवर बोल्टने जुळतात.

यानंतर मेण. पातळ थर लावायचा, सुकू द्यायचा, फडक्याने चकाकेपर्यंत पुसायचा. असे पाच-सहा वेळा. त्यावर पीव्हीएचा पापुद्राही चढवितात, पण त्याच्या खुणा उमटतात म्हणून मामा मेणावरच भिस्त ठेवतात.

मेणावर जेलकोट येतो. तोच साच्याचा चेहरा. तो चिकटसर झाला की काचेची पातळ जाळी, मग मॅट, रेझिनने भिजवून रोलरने हवा काढीत बसवायची. सगळी जाडी एका दिवसात चढवीत नाहीत. रेझिन घट्ट होताना तापते, आकसते. घाई केली तर साचा पिळवटतो. शेवटी पाठीला लोखंडी चौकट जोडतात. एक इशारा येथे द्यायलाच हवा. कोबाल्ट रेझिनमध्ये पुरते ढवळल्यावरच हार्डनर घालायचा. ही दोन थेट एकत्र आली तर भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

पहिला भाग झाला की पॅटर्न त्यातच ठेवून उलटवितात, फळी काढतात आणि दुसरा भाग त्यावर चढवितात. म्हणून दोन्ही कडा तंतोतंत जुळतात.

आता माझी गोष्ट. मेणाचे काम माझ्याकडे होते. चौथ्या थरानंतर मला कंटाळा आला. मागच्या पातळ कडेजवळ वीतभर जागा पहिल्यापासूनच नीट पुसली गेली नव्हती. “सगळे थर झाले का रे?” मामांनी विचारले. मी “हो” म्हणालो.

आठ दिवसांनी साचा उघडायची वेळ आली. लाकडी पाचरी ठोकल्या, पाणी सोडले. साचा तीन बाजूंनी सुटला आणि त्या वीतभर जागेवर अडला. अखेर पॅटर्नची कड फुटून साच्यात राहिली. सुताराची तीन आठवड्यांची मेहनत व मालकाचे रेझिन वाया गेले. मालकाने विचारले तेव्हा मामा म्हणाले, “माझ्या हातून झालं.” त्यांचे पैसे कापले गेले.

घरी येताना मी रडवेला झालो. मामा एवढेच म्हणाले, “येत नसलं तर सांगावं. कंटाळा आला तरी सांगावं. झालं नसता झालं म्हणू नये.”

मी आमच्या घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. घरात मला कोणी काम सांगत नाही; शिकतोय म्हणतात. त्या दिवशी मला कळले की मी ज्याला हलके काम समजत होतो, तेथे माझे शिक्षण तोकडे पडले होते. मामांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची विद्या त्यांना विचारून मी येथे लिहिली आहे. छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखविली. मेणाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला.